माळ्यावर टाकू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. नव्या घरात कपडे लागले, पुस्तकं लागली, स्वयंपाकघर लागलं, आणि व्हिडिओ गेमची सात खोकी मात्र अजून दाराशीच पडून आहेत, हे वाचून वाईट वाटलं. त्यात तुझी शेवटची ओळ: ‘जागाच नाही रे, सगळी माळ्यावर टाकतो आणि मोकळा होतो.’ ते वाचून तर काळजात धस्सच झालं. माझं एवढं ऐक, हे पत्र वाचून होईपर्यंत एकही खोकं वर चढवू नकोस.

मी हेच केलं होतं, म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय. मागे घर बदललं तेव्हा जुने हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे गेम, एका खोक्यात भरले, चिकटपट्टी मारली आणि माळ्यावर सारले. चार वर्षांनी खोकं उतरवलं. त्यातला तो करडा, ज्याच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता म्हणून आपण पांघरुणात टॉर्च धरून खेळायचो, तो सगळ्यात आधी हातात घेतला. सेलचं झाकण निघेना. नखाने हळूहळू उचकटलं तर आत पांढरट-निळसर खपली, मीठ साचावं तशी. चार अल्कलाइन सेल मी आतच विसरलो होतो आणि ते पाझरले होते. स्प्रिंगला काडी लावली तर स्प्रिंगच तुटून तळहातावर आली. सेलमधून पाझरतं ते क्षारी असतं, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसत बसलो. बारीक फेस यायचा, तो टिपायचा, पुन्हा व्हिनेगर. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं कोरडं केलं. धातूची एक पट्टी वाचली, दुसरी बदलावी लागली. हँडहेल्ड सुरू झाला, पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

माळ्यावर दिवसा तापतं आणि रात्री निवतं, दमट हवा कोंडून राहते, हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे तिथे गेलेल्या वस्तूकडे कुणी फिरकत नाही. बिघाड सुरू झाला तेव्हा मला कळलं असतं तर काम दहा मिनिटांचं होतं. म्हणून आता मी एकच बघतो: वर्षातून दोनदा शिडी न लावता जे उघडून बघता येईल, ती जागा गेमसाठी बरी. मग ती पलंगाखालची असो, कपाटाचा तळचा खण असो की टीव्हीखालचा ड्रॉवर.

तेवढ्या जागेत सात खोकी मावणार कशी, हा तुझा खरा प्रश्न. त्यासाठी आधी नीट बघ, जागा खातंय कोण. डीव्हीडीची नेहमीची डबी साधारण 14 मिलिमीटर जाड असते आणि आतली डिस्क फक्त 1.2 मिलिमीटर. शंभर डब्या ओळीने उभ्या केल्या तर जवळजवळ दीड मीटर फळी भरते. त्याच शंभर डिस्क कप्प्यांच्या फोल्डरमध्ये घातल्या तर दोन जाडजूड पुस्तकांएवढ्या जागेत बसतात. म्हणजे तुझ्या खोक्यांत बहुतेक हवाच भरलेली आहे. तुझ्या डिस्कवरच्या गेमची चार खोकी यातूनच दीडवर येतील असा माझा अंदाज आहे.

डब्या फेकायच्या का, हे मात्र आपलं आपण ठरवायचं. मी मधला मार्ग काढला. जे वीस-पंचवीस गेम मला बघायलाही आवडतात ते पूर्ण डबीसकट फळीवर ठेवले. बाकीच्यांचं कव्हर आणि पुस्तिका काढून, डिस्कसोबत एकाच पातळ पाकिटात घातलं. अशी तिन्ही मावणारी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मिळतात. रिकाम्या साध्या डब्या दिल्या टाकून, कारण तशी डबी उद्याही मिळेल. छापलेलं कव्हर आणि पुस्तिका पुन्हा मिळत नाहीत. पुठ्ठ्याच्या मूळ पेट्यांना मात्र हात लावू नकोस. जागा वाचवायला त्या दाबून सपाट करायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण एकदा घडी मोडली की पुठ्ठा तिथे फाटतोच. एका पेटीत दुसरी लहान वस्तू ठेव, जागा तशी वाचव.

फोल्डर घेताना नाक लावून बघ. नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला तर तो पीव्हीसी असण्याचा संभव जास्त. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि डिस्कला, छपाईला चिकटतात. आणि एका कप्प्यात दोन डिस्क कोंबू नकोस. मधे धुळीचा एक कण गेला तरी काढता-घालताना तो दोन्हींवर रेघ ओढतो. फोल्डर पुस्तकासारखा उभा ठेव, आडवा टाकून त्यावर वजन देऊ नकोस.

डिस्कबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा समजली. आपण जन्मभर चकचकीत बाजूला जपत आलो आणि छापलेली बाजू टेबलावर खुशाल घासली. सीडीच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. पहिलं प्लेस्टेशन, सॅटर्न, ड्रीमकास्ट या टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलच्या डिस्कमध्ये माहितीचा चमकदार थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या बाजूला 1 मिलिमीटरहून जास्त प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा घासून घालवता येतो. वरचा ओरखडा थरच उडवतो आणि त्यावर इलाज नाही. घरातला दिवा लाव आणि सीडी त्यासमोर धर. माझ्या एका आवडत्या सीडीत मला असे तीन उजेडाचे ठिपके दिसले, सुईने टोचल्यासारखे. छापील बाजूवर मीच कधीतरी बॉलपेनने नाव लिहिलं होतं, त्याच रेघेवर तिन्ही. तो गेम आता दुसऱ्या टप्प्याच्या पुढे जात नाही.

डीव्हीडीत हा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती दोन्हीकडून बरीच सुरक्षित. प्लेस्टेशन 2 चे बरेच गेम डीव्हीडीवर आहेत, पण निळसर तळाचे जे दिसतील ते सीडी आहेत, ते वेगळे काढ. ब्ल्यू-रेचा थर वाचायच्या बाजूने जेमतेम 0.1 मिलिमीटर आत असतो आणि त्यावर कडक लेप असतो. त्याला घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात कधीही देऊ नकोस, लेप गेला की डिस्क गेली.

आता कॅसेट. दुनिया कार्ट्रिज म्हणो, आपल्यासाठी त्या कॅसेटच. जागेच्या दृष्टीने त्या गुणी असतात, एका उथळ ड्रॉवरमध्ये नाव वर करून लावल्या की झालं. पण त्यांच्यात असं काही आहे जे कितीही जपून ठेवलं तरी संपतंच: आतला बटणसेल. त्या काळच्या अनेक कॅसेटमध्ये आपला सेव्ह एका छोट्या मेमरीत राहायचा आणि ती मेमरी जिवंत राहायची ती या सेलवर. सेल संपला की गेम चालतो, पण आपण जिथवर पोचलो होतो ते पुसून जातं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर 1999 साली आले, त्यांच्या कॅसेटमध्ये घड्याळही चालू असतं, म्हणून तिथला सेल जास्त लवकर संपतो. सेल बदलता येतो, पण तो सुटा बसवलेला नसतो. त्याच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्या बोर्डाला डाग देऊन जोडलेल्या असतात. त्यामुळे नवा सेलही पट्ट्यांसकट मिळणाराच घ्यायचा, उघड्या सेलवर डाग द्यायचा नाही. उघडायला 3.8 मिलिमीटरचा खास पाना लागतो, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रूची टोपी खराब होते. आणि हे सगळं करायच्या आधी कॅसेट वाचणारं यंत्र लावून सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, कारण सेल काढला की तो गेला.

कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नकोस. माहीत आहे, आपण हजारदा मारली आणि हजारदा ती चालली. ती चालायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतून ओल जाते आणि संपर्काच्या पट्ट्या काळवंडतात. कापसाच्या काडीवर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, पट्ट्यांवरून फिरव, काडी कशी काळी होते ते बघ, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांब.

निन्टेन्डो स्विच या कन्सोलचे गेम छोट्या कार्डांवर येतात, त्यांना मी जवळजवळ जागाच देत नाही. चोवीस कार्डांची डबी हातात मावते. तुझी धाकटी अजून सगळं तोंडात घालते म्हणतोस, तर तिला कडू लागावं म्हणून त्या कार्डांवर डेनाटोनियम बेंझोएट लावलेलं असतं. पण कडू लागलं म्हणून घशात अडकायचं राहत नाही. ती डबी उंचावर ठेव.

कन्सोल मोठे, तिथे जागा वाचत नाही, फक्त नुकसान टाळता येतं. सगळ्या रिमोट-कंट्रोलरमधले सेल आजच्या आज काढ. आत लिथियम बॅटरी असलेले हँडहेल्ड साधारण निम्मे चार्ज करून ठेव, पूर्ण रिकामे ठेवलेले पुन्हा उठतीलच असं नाही. स्विचला तर सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा असं निन्टेन्डोच सांगतं. पाठ फुगलेली दिसली तर ती बॅटरी लगेच बाहेर, तिला टोचायचं-दाबायचं नाही. आणि तुझ्याकडे 2001 चा पहिला एक्सबॉक्स आहे ना? त्यात घड्याळासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, तो पाझरून मदरबोर्डच्या रेषा खातो. शेवटची 1.6 आवृत्ती सोडली तर तो काढून टाकणंच शहाणपणाचं, कन्सोल त्याच्यावाचून चालतो. नुसता ठेवून दिलास तर आतल्या आत खराब होत राहील. करड्या-पांढऱ्या प्लास्टिकवर ऊन पडू देऊ नकोस, पिवळं पडतं.

पलंगाखाली ठेवणार असशील तर चाकांची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची पेटी घे, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही आणि सहज ओढता येईल. आत सिलिका जेलची पुडी टाक. नारिंगी दाण्यांची घे, ओल शोषली की ते हिरवे होतात, म्हणजे बघताक्षणी कळतं. मग त्या वाळवून परत घालता येतात. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवता आला तर उत्तमच. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. पासष्टच्या वर रेंगाळला की बुरशीची भीती. पुस्तिकांना कसर लागते तीही अशाच दमट अंधारात. एक लक्षात ठेव, सामान पूर्ण कोरडं असेल तेव्हाच झाकण लाव, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल.

तू लिहिलंस, सगळं विकून डाउनलोडवरच का जाऊ नये. नवे गेम घेताना मीही तेच करतो, जागा लागत नाही. पण कंपनीचं ऑनलाइन दुकान बंद झालं की काय होतं ते आपण पाहिलंय. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं दुकान 30 जानेवारी 2019 ला गेलं, त्यांच्याच थ्रीडीएस आणि वी यूचं 27 मार्च 2023 ला, एक्सबॉक्स 360 चं 29 जुलै 2024 ला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये अभ्यास केला, त्यात अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज विकत मिळतच नाहीत असं निघालं. तुझ्या दाराशी पडलेल्या खोक्यांतलं बरंच त्या 87 टक्क्यांतलं असेल. म्हणून विकायचंच असेल तर जे आजही सहज मिळतं तेवढंच विक.

आणि खोकी उघडशील तेव्हा प्रत्येक गेमचा एकेक फोटो काढ, कोणता गेम कुठल्या पेटीत गेला ते एका यादीत लिहून ठेव. तारांना चिठ्ठ्या लाव. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय पेटीतली वस्तू असून नसल्यासारखी होते.

सगळ्यात आधी मात्र एक काम कर. बहुधा तिसऱ्या खोक्यात, कोपरा तुटलेली ती कॅसेट असेल. तिच्यात पहिला सेव्ह तुझा आहे, दुसरा माझा. शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी आपण दोघं एकाच रात्री येऊन थांबलो होतो आणि सकाळी तुमचा ट्रक आला. तिच्यातला सेल अजून जिवंत आहे की नाही, देव जाणे. ती उघडू नकोस, झटकू नकोस, नुसती बाजूला काढून ठेव. कॅसेट वाचायचं यंत्र माझ्याकडे आहे. येत्या रविवारी मी ते आणि पाना घेऊन सकाळीच येतो.

तुझा,
प्लेअर टू