बडोद्याला समुद्राशी काय देणंघेणं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका गृहस्थांनी वैतागून विचारलं होतं की, समुद्राची पातळी वाढते, किनारे खचतात या बातम्या बडोद्याच्या पानावर कशाला? इथे ना बंदर ना चौपाटी. परवापर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

परवा म्हणजे श्रावणातल्या सोमवारी. घरच्या मंडळींना घेऊन कावी-कंबोईला गेलो होतो. आपल्याकडचं कोण गेलेलं नाही तिथे! 70-75 किलोमीटर, ओहोटीची वेळ बघून निघायचं, स्तंभेश्वराला अभिषेक करायचा, मग वर येऊन भरतीत देऊळ बुडताना बघत बसायचं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी नुकतंच मागे गेलं होतं. पिंडीभोवती गुडघाभर उंचीपर्यंत काय काय अडकलं होतं: चुनरीच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या आणि शेवेचं एक पाकीट. चिखल पुसून पाहिलं तर दुकानाचा फोन 0265 ने सुरू होणारा. म्हणजे आपलंच गाव! कोणी यात्रेकरूने तिथेच टाकलं, की विश्वामित्री नदीतून ढाढर नदी, ढाढरमधून खंबातचं आखात असा प्रवास करून ते महादेवाला भेटायला आलं, देव जाणे. पाकीट खिशात घालून घरी आणलं. बायको अजून रागावलेली आहे.

पण पाकीट हा किरकोळ मामला. डोळ्यांना दिसतं, उचलता येतं. खरं बोलायचं तर मला बोलायला जड जातं, कारण 31 वर्षं मी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. रोज सांडपाण्याचा नमुना घ्यायचा, डायक्रोमेट घालून दोन तास उकळायचा, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रासायनिक विघटन व्हायला किती प्राणवायू लागतो त्याचं माप, काढायचा. आकडा 250 च्या वर गेला की साहेब खांदे उडवून म्हणायचे, “दरियो मोटो छे, बधुं समाई जशे.” (समुद्र मोठा आहे, सगळं सामावून जाईल.) आम्ही हसायचो. नमुना दुसऱ्यांदा घ्यायचो, जरा बऱ्या वेळेला.

ते पाणी जायचं कुठे, हे आजच्या पिढीला ठाऊकही नसेल. पूर्वी कारखान्यांचं पाणी मिनी नदीतून महीत उतरायचं. 1983 पासून त्यासाठी वेगळा कालवा आहे. सुमारे 56 किलोमीटर लांबीचा, पादऱ्याच्या शेतांमधून जाऊन जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी सुटणारा. नदी वाचावी म्हणून तो काढला, आणि त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. फक्त ‘समुद्रात सोडलं’ म्हणजे ‘संपलं’ असं आपण धरून चाललो. कायद्यानेही तेच धरलंय. बीओडीची, म्हणजे घाण कुजवताना जीवाणू जो प्राणवायू खातात त्या मापाची, मर्यादा बघा: सांडपाणी नदीत सोडायचं तर लिटरला 30 मिलिग्रॅम, समुद्रात सोडायचं तर 100.

आता खंबातचं आखात म्हणजे काही मोकळा समुद्र नव्हे. नरसाळ्यासारखा आकार, आणि भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या वर. ओहोटीने नेलेलं भरती बरंचसं परत आणते. पाणी कायम चहाच्या रंगाचं, कारण तळचा गाळ सतत ढवळलेला. जड धातू याच बारीक गाळाला चिकटून बसतात, आणि याच गाळात लेवटा हा मासा राहतो, जो किनाऱ्यावरची माणसं पकडून खातात. परतताना एक म्हातारे काका घमेल्यात लेवटे घेऊन बसले होते. विचारलं तर म्हणाले, “पहेलां जेवा नथी आवता.” (पूर्वीसारखे येत नाहीत.) का, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

त्यात समुद्र वर येतोय. 1901 ते 2018 या काळात जगभरात सरासरी 20 सेंटिमीटर, आणि 2006 ते 2018 मधला वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर. तापलेलं पाणी फुगतं आणि बर्फ वितळतो, म्हणून. मिलिमीटर ऐकून हसू येईल. पण जंबुसरचा किनारा ताटासारखा सपाट आहे. तिथे पाणी बोटभर चढलं तर आत किती पसरेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. भरती काही बडोद्यापर्यंत येत नाही, कबूल. पण ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली तेव्हाचं सगळं पाणी शेवटी ढाढरच्या मुखातून त्याच आखातात जायचं होतं, आणि मुखाशी भरती लागली की नदीला थांबावंच लागतं.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात आपण आजवा तलावाची आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्रीची पातळी रोज छापता. शेजारी कावीच्या भरतीची वेळ छापा. आणि महिन्यातून एकदा कालव्याच्या तोंडाशी मोजलेले आकडे. सांडपाण्याची मोजणी लोकांसमोर ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय, तेही गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर. आकडे वाचून समजावून द्यायला मी मोकळाच आहे, आणि नमुना ‘बऱ्या वेळेला’ घेतलाय की नाही, तेही मला ओळखता येईल. फक्त सकाळी नऊच्या आधी फोन नको, कमाटीबागेत असतो.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट
दांडिया बाजार, बडोदा