‘भार असह्य झाला’ म्हणजे नेमके काय झाले?

महोदय,

पूल कोसळल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : ‘भार असह्य झाल्याने पूल कोसळला.’ आपल्या दैनिकातही ते असते. आजारपणामुळे रुग्ण दगावला, असे म्हणण्याइतकेच ते खरे आहे. वाचकाला कळायला हवे ते हे की, पुलाचा कोणता भाग आधी गेला आणि जाताना तो दाबला जात होता की ताणला जात होता.

दोन टेकूंवर टेकलेली साधी तुळई घ्या. वरून भार आला की ती किंचित वाकते. वरचा थर आखडतो आणि खालचा लांबतो. काँक्रीटला आखडलेले चालते, लांबलेले खपत नाही. एम ३० प्रतीचे काँक्रीट २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब पेलते, ताण मात्र जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. म्हणून वाकण्याचा तडा तुळईच्या पोटाला, मध्याच्या आसपास पडतो आणि खालून वर चढतो. सळयाही म्हणूनच तिथे घालतात. (कातरबल, म्हणजे तुळईचे दोन भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर, राहिले, असे कोणी अभियंता म्हणेल. टेकूपाशी दिसणारे तिरके तडे त्याचेच, पण तेही मुळात तिरक्या ताणाचेच असतात.) पाणी आत शिरून सळई गंजली की गंज फुगतो, सळईवरचा काँक्रीटचा थर सुटतो आणि ताण घेणारी एकमेव वस्तू दिवसेंदिवस बारीक होत जाते. वरून डांबर गुळगुळीत असते, खाली बघायला कोणी वाकत नाही.

ताणाचे दुखणे किती लहान जागेत दडून बसते, हे अमेरिकेतल्या ओहायो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिजने दाखवले. हा झुलता पूल १९२८ साली खुला झाला. तो तारांच्या दोरखंडावर नव्हे, तर टोकाला डोळे, म्हणजे खिळ्यासाठी भोके, असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर लटकला होता आणि साखळीच्या प्रत्येक कडीत अशा दोनच पट्ट्या होत्या. १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत एका पट्टीचा डोळा फाटला. दुसरी पट्टी एकटी टिकली नाही आणि सगळा पूल नदीत गेला. ४६ माणसे मेली. सुरुवातीचा तडा होता सुमारे अडीच मिलिमीटर खोल, तोही सांध्याच्या आत, सांधा उघडल्याशिवाय दिसणार नाही असा. त्यानंतरच त्या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम आले.

दाब निरुपद्रवी असतो, असे मात्र नाही. कॅनडातला क्वेबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच पडला आणि ७५ कामगार गेले. तिथे सांगाड्याच्या खालच्या अंगाचे, दाब पेलणारे पोलादी भाग बाक येऊन मुडपले होते. पोलादाचे वजन हिशेबात कमी धरले होते, आणि बाक आधीपासून दिसत होता, मोजलाही होता. दाबाखालचा लांब, सडपातळ भाग चिरडण्याच्या कितीतरी आधी असा बाजूला झुकतो. ताणाची तुटण्याची तऱ्हा निराळी.

दगडी कमानींचे पूल टिकतात ते याच हिशेबाने. कमानीचा आकारच असा, की भार एका दगडातून दुसऱ्याला दाबत दाबत पायापर्यंत उतरतो. कोणाला ओढण्याची वेळच येत नाही. फ्रान्समधला रोमन पूल पाँ द्यू गार जवळजवळ दोन हजार वर्षे उभा आहे. तेव्हा ‘पूल जुना झाला होता’ हेही कारण म्हणून पुरेसे नाही.

दगडाला ओढ सोसत नाही, हे पाथरवटाला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. तो ओळीने भोके पाडतो, प्रत्येकात पाचर बसवतो आणि आळीपाळीने ठोके देत जातो. पाचरी दगडाला दोन्ही बाजूंना रेटतात, मधली रेषा ताणली जाते आणि जो ग्रॅनाइट चिरडायला प्रचंड यंत्र लागेल, तो हातोड्याने सरळ दुभंगतो. थंड प्रदेशात फटीतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगून हेच करते. थंड होणारा लाव्हा आकसतो, आकसताना स्वतःलाच ताणतो आणि तडकतो. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेचे षटकोनी खांब असे झाले. भूकवच ताणले गेले की पूर्व आफ्रिकेसारखी खचदरी होते, दाबले गेले की हिमालय. खोलवर, उष्णतेत आणि चहूबाजूंच्या दाबात तोच खडक न तुटता घड्या घालतो, ही त्यातली मला सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

डोंगर, खडक राहू द्या; पुलांपुरती एक विनंती आहे. दुर्घटनेचा चौकशी अहवाल यायला महिने लागतात आणि तोवर बातमी शिळी झालेली असते. तरीही तो आला की कोणता भाग आधी गेला, ताणात की दाबात, आणि तो भाग शेवटचा कधी तपासला होता, एवढे छापावे. सोबत एक साधी रेखाकृती द्यावी. अपघाताच्या दिवशी पहिल्या पानावर जेवढी जागा दिली होती, तिच्या चौथाईत हे मावेल.

आपला,
एक नियमित वाचक