आईवडिलांसाठी कोण बोलणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी कुशल कामगारांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत व्हिसाचा विषय म्हणजे नोकरीचाच विषय होऊन बसला आहे. कंपन्यांचे काय होणार यावर रकाने भरून येतात, पण ज्यांची मुले पंधरा-वीस वर्षांपासून तिकडे आहेत त्या आईवडिलांचे काय, हे कोणी विचारत नाही. आमच्या वडोदऱ्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत चक्कर मारा. कितीतरी घरांत दोनच माणसे, दोघेही सत्तरी ओलांडलेली.

अमेरिकेत नागरिकाच्या आईवडिलांच्या व्हिसांना संख्येची मर्यादा नाही, हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण ग्रीनकार्डधारकाला, म्हणजे नुसता कायमचा निवास मिळालेल्याला, आईवडिलांसाठी अर्जच करता येत नाही. कोणत्याही एका देशाला ठरलेल्या कोट्याच्या सात टक्क्यांहून जास्त व्हिसा द्यायचे नाहीत, या नियमामुळे भारतात जन्मलेल्या इंजिनिअरची बरीच वर्षे ग्रीनकार्डाच्या रांगेतच जातात. भारत आणि आइसलँड एकाच मापाने! पुढे नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षे. तोवर मुलगा पन्नाशीला टेकतो आणि वडील ऐंशीला. भावंडांचे तर बोलायलाच नको. जगभरच्या भावंडांसाठी वर्षाला ६५ हजार व्हिसा, आणि २०२५ मध्ये भारतीयांच्या रांगेत २००६ साली भरलेल्या अर्जांचा नंबर लागत होता. अर्ज भरताना दहावीत असलेली भाचरे तोवर एकवीसची वयोमर्यादा कधीच ओलांडून यादीतून गळतात. गंमत अशी, की मूळच्या देशावर ठरणारा जुना कोटा काढून नात्याला प्राधान्य देणारा कायदा याच देशाने १९६५ मध्ये केला होता.

ब्रिटनने तर २०१२ पासून आईवडिलांची वाट जवळजवळ बंदच केली आहे. अर्जदाराला रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागला पाहिजे, शिवाय मुलाने पैसे पाठवूनही तो आधार भारतात मिळत नाही हे सिद्ध झाले पाहिजे. अंथरुणाला खिळल्याशिवाय अर्ज नाही, आणि पैसे मोजून इथे बाई ठेवता येत असेल तर खिळूनही उपयोग नाही. नवऱ्याला किंवा बायकोला न्यायचे तर एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९ हजार पौंड उत्पन्न हवे. आधी ते १८,६०० होते. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या साध्या व्हिसाची रांग सुमारे तीस वर्षांची आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी हजारो डॉलर भरून जाण्याचा वेगळा रस्ता आहे.

'म्हातारी माणसे तिथल्या दवाखान्यांवर बोजा होतील' हा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही, पण त्यावर उपाय सापडलेला आहे. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडिलांना एका खेपेला पाच वर्षे राहता येते. अट एवढीच की मुलाचे उत्पन्न पुरेसे हवे आणि किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा हवा. खर्च कुटुंबाचा, सरकारचा नाही. कायमचा निवास मिळत नाही, हे खरे. तरी आमच्या वयाच्या किती जणांना तो हवा असतो? नातवंडांजवळ दोन-चार वर्षे राहता आले, आजारपणात मुलगी जवळ असली, तर बहुतेकांना पुरे. असा व्हिसा अमेरिका आणि ब्रिटनने का देऊ नये?

माझी खरी तक्रार मात्र आपल्या सरकारशी आहे. ब्रिटनशी २०२१ मध्ये स्थलांतराचा करार झाला, त्यातून तरुण व्यावसायिकांसाठी वर्षाला तीन हजार जागा ठरल्या. वय अठरा ते तीस, मुदत दोन वर्षे, सोबत कुटुंब न्यायचे नाही. ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये झाला, तिथेही तरुण पदवीधरांसाठी तीन हजार. आईवडिलांसाठी असा आकडा कधी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. मागायला आपल्याकडे आधारही आहे. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या लोकांना भारत ओसीआय कार्ड देतो, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, तोही पणतवंडांपर्यंत. लग्नाला दोन वर्षे झाली की त्यांच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोलाही. आपण नाते पाहून दार उघडतो, तर समोरच्याकडून तेच मागायला संकोच कसला? कुटुंबाला समाजाचे आणि राज्याचे संरक्षण मिळाले पाहिजे, हे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिलेले आहे. तो मसुदा ज्या आयोगाने केला त्यावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता, पुढे आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू.

गुजरातेतून 'दोन नंबरने', म्हणजे बेकायदा, जाणाऱ्यांमुळे सगळ्यांकडेच संशयाने पाहिले जाते, हे मला मान्य आहे. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडाच्या सीमेवर थंडीने गोठून गेलेले गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे कुटुंब कोण विसरेल? पण एजंटांच्या पापाचा हिशेब सरळ रांगेत उभ्या असलेल्यांनी का द्यावा?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ओळखीच्या ज्येष्ठांचे फॉर्म भरून देतो. परदेशी कायद्याइतकीच आपली कागदपत्रेही आडवी येतात. १९५० च्या आसपास जन्मलेल्या बाईचा जन्म आजोळी, सांगलीकडे नाहीतर धुळ्याकडे. तिथे नोंद असलीच तर नावाशिवाय, नुसती 'मुलगी'. लग्नात नाव बदललेले: माहेरची कुसुम, सासरची शालिनी. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरे, आणि गुजराती कागदांत त्याच नावाला 'बेन' चिकटलेले. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव म्हणून घरात हाक मारायचे तेच लिहून मोकळे! तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन-चार निराळ्या बायका वाटल्या तर त्याचे काय चुकले? मग नोंद नसल्याचा दाखला काढा, जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे आणा. पंचाहत्तरीच्या बाईचा जन्म आठवणारी माणसे कुठून आणायची? महापालिकेने अशा ज्येष्ठांसाठी एक वेगळी खिडकी ठेवली, जिथे सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला मिळेल, तर निम्मी धावपळ वाचेल. ज्यांच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही त्यांनी ती पती-पत्नी दोघेही हयात आहेत तोवर करून घ्यावी. पत्रिका आणि फोटो जपून ठेवलेले असतील तर काम सोपे होते.

आणि मुलाखती. कायमच्या कौटुंबिक व्हिसासाठी गुजरातच्या ज्येष्ठांना अमेरिकेच्या मुंबईतल्या कार्यालयात जावे लागते. अहमदाबादेत वाणिज्य दूतावास उघडण्याची घोषणा २०२३ मध्येच झाली. कौटुंबिक व्हिसाच्या मुलाखतीही तिथेच व्हाव्यात, एवढी मागणी तरी आपल्या खासदारांनी दिल्लीत लावून धरावी.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, वडोदरा