बाबा, त्या पायऱ्या मी उतरून आले

लोद (इस्रायल), नोव्हेंबर

प्रिय आई आणि बाबा,

शालोम.

गेल्या आठवड्यात फोनवर मी "सगळे ठरवून कळवते" एवढेच म्हणाले आणि विषय बदलला, हे आईच्या लक्षात आले असणारच. फोनवर सांगितले असते तर बाबा गप्प झाले असते, आणि बाबांच्या गप्प होण्यापुढे माझा कधीच निभाव लागलेला नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. तुमच्या येण्याचे नक्की झाले आहे. शावुओथचा सण आटोपल्यावर लगेच, ठाण्यात पाऊस लागण्यापूर्वी, तुम्ही निघायचे. उत्तरेकडच्या डोंगरातल्या सफेद गावी आपण गुरुवार ते रविवार राहणार आहोत. मात्र बाबा, तिथल्या जुन्या कब्रस्तानाच्या पायऱ्या तुम्ही उतरायच्या नाहीत. आरींच्या, म्हणजे गूढविद्येचे गुरू रब्बी इसहाक लुरियांच्या, कबरीपर्यंत तुम्हाला मी नेणार नाही.

आई, तू मोठ्याने वाचत असशील तर इथे जरा थांब, त्यांना पाणी दे, आणि मग पुढचे वाच.

हा निर्णय मी घरबसल्या घेतलेला नाही. दोन दिवसांची रजा काढून मी मुद्दाम एकटी सफेदला जाऊन आले, केवळ तुमच्या दृष्टीने ते गाव पाहण्यासाठी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि जुना भाग डोंगराच्या उतारावर असा बसला आहे की पूर्वी एका घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे अंगण असे. १ जानेवारी १८३७ च्या भूकंपात म्हणूनच इतका अनर्थ झाला. वरची घरे खालच्यांवर कोसळत गेली. पुन्हा बांधले तेही त्याच उतारावर, त्यामुळे गल्ली म्हणजे जिनाच. दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत आणि कित्येक ठिकाणी कठडा नाही. कब्रस्तानाकडे उतरताना मी पायऱ्या मोजत होते, दीडशेच्या पुढे आकडा चुकला. मला स्वतःला चढून येताना तीनदा बसावे लागले. गेल्या पावसाळ्यात बाबा आपल्याच घराच्या जिन्यात घसरले तेव्हा मी इथे होते आणि मला दोन दिवसांनी कळवण्यात आले, हे मी विसरलेले नाही. मी रागावून लिहीत नाही, बाबा. त्या दोन रात्री मला अजून आठवतात, एवढेच.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर ज्यांचे नाव घेतले त्या रब्बी इसहाक लुरियांच्या गावी जायचे आणि कबरीपाशी उभे राहायचे नाही, मग जायचे कशाला? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. पण तुम्हीच मला सांगितले आहे की आरी १५७० साली इजिप्तहून सफेदला आले आणि १५७२ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, साथीत गेले. त्यांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. जे आपल्यापर्यंत आले ते शिष्यांनी, विशेषतः हाइम विटाल यांनी, टिपून ठेवले म्हणून आले. त्यांचे शिकवणे या गल्ल्यांत आहे, कबरीत नाही, असे मला तिथे फिरताना फार वाटले. आणि ज्या योसेफ कारोंचा धर्मनियमांचा शुलहान आरूख तुमच्या कपाटात सर्वांत वरच्या खणात असतो, तो ग्रंथ त्यांनी याच डोंगरांत राहून लिहिला. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही, आपला विश्रांतीचा पवित्र शनिवारही, मोडावा असे त्यांनीच नोंदवले आहे ना? मग तुमच्या गुडघ्यासाठी मी एक दर्शन मोडले तर त्यांना ते मान्य होईल.

आता जे आपण पाहणार आहोत ते सांगते. माझ्या डोक्यात लहानपणापासून होते की सफेद म्हणजे पांढरेशुभ्र गाव, कारण तुम्ही नाव घेत होतात ते तसेच ऐकू येई. प्रत्यक्षात डोळ्यांत भरतो तो निळा रंग. दारे, खिडक्या, कबरींचे चौथरे, सगळे निळे. आकाशाची आठवण राहावी म्हणून, असे तिथले लोक सांगतात. एका दाराशी मी बराच वेळ उभी होते. कडेचा पोपडा सुटला होता, त्याखाली दुसरा निळा, त्याखाली आणखी फिका तिसरा, आणि चौकटीवरच्या मझूझालाही, त्या प्रार्थनेच्या डबीलाही, रंगाचा एक ओघळ लागून वाळलेला. आई, तुझ्या माहेरच्या खिडकीचे गज असेच होते.

आरी अश्केनाझी सिनेगॉगमध्ये आपण पहिल्याच संध्याकाळी जाऊ; तिथे पायऱ्या थोड्या आहेत आणि मी हात धरीन. ऑलिव्हच्या लाकडाचे कोरीव हेखाल, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचे कपाट, पाहून बाबा, तुम्ही बोलायचे थांबाल. तेवाला, प्रार्थना म्हणायच्या व्यासपीठाला, एक भोक आहे. १९४८ च्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा आत येऊन तिथे घुसला, आणि त्या क्षणी सगळे प्रार्थनेत वाकलेले होते म्हणून वाचले, असे सांगतात. लोक त्या भोकात चिठ्ठ्या ठेवतात. मीही ठेवली, मराठीत लिहून. काय लिहिले ते विचारू नका.

आणि आपले प्रेषित एलियाहू हन्नबी तिथेही आहेत. आरी सफारदी सिनेगॉगमध्ये एक लहानशी खोली आहे. तिथे एलियाहू हन्नबी येऊन आरींना शिकवीत असत, अशी श्रद्धा आहे. ती खोली पाहताना मला अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक आठवला. एलियाहूंच्या रथाच्या खुणा मला दिसाव्यात म्हणून बाबांनी उन्हातून खांद्यावर बसवून नेले होते, आणि मी खुणा न पाहता मलिद्यातले खोबरेच खात बसले होते. किती चढ चढलात तुम्ही माझ्यासाठी, बाबा. तेव्हा मी "नको, तुम्ही दमाल" असे एकदाही म्हटले नाही, कारण तुम्ही दमता हे मला ठाऊकच नव्हते.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र आपण पुरती तिथे घालवणार. शब्बाथच्या स्वागताचे 'लखा दोदी' हे गीत रचणारे श्लोमो अल्काबेत्स याच गावचे, आणि त्या काळी ही मंडळी पांढरे कपडे घालून शब्बाथला सामोरी जायला उघड्या माळावर जात. तिथली चाल आपल्यापेक्षा वेगळी होती, मला पहिली दोन कडवी परकी वाटली. पण शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळले आणि मीही नकळत वळले. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये तुम्ही माझे दोन्ही खांदे धरून मला असेच वळवत होतात. या वेळी तुमच्या शेजारी नसले तरी बायकांच्या बाजूने मी तुमच्याकडे पाहत असेन.

चित्रकारांच्या वस्तीत आईला रमता येईल. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला तिथे टोचली. १९४८ पर्यंत त्या घरांत अरब कुटुंबे राहत होती. त्यांना जावे लागले, आणि पुढे तिथे चित्रकार आले. जुन्या मशिदीत आता चित्रे मांडतात. चित्रे सुंदर आहेत, पण अलिबागच्या आपल्या बंद घराचे कुलूप हातात घेऊन रडणाऱ्या आईला त्या उंबरठ्यांवर काय वाटेल, ते मला माहीत आहे.

काळजीचे विषय. खोली तळमजल्यावर घेतली आहे, दाराशी गाडी येते, न्हाणीघरात धरायला दांडी आहे ती मी हलवून पाहिली. रात्री गारवा असतो, मे महिना असला तरी शाल लागेल. गावात मोठे रुग्णालय आहे आणि २०११ पासून वैद्यकीय महाविद्यालयही. जेवण सगळीकडे कोशेर, आपल्या धर्मनियमांप्रमाणे. येमेनी लोक लहूह नावाचा प्रकार करतात, तो अगदी आपल्या आंबोळीसारखा जाळीदार. आई, तुला आवडेल. तिथले चीज मात्र खारट असते, बाबांनी चवीपुरतेच खायचे. शब्बाथला सगळे बंद असते, म्हणून चहाचे गरम पाणी आणि बाबांच्या गोळ्या शुक्रवारीच लावून ठेवू.

आईला बातम्यांची भीती वाटते, ते मी जाणते. २००६ साली आणि पुन्हा २०२३ नंतर या गावाने रॉकेट्स सोसली आहेत. परिस्थिती जराही बिघडली तर मी स्वतःच सफेद रद्द करीन आणि तुम्ही लोदला माझ्याजवळ राहाल. समोरच्या मेरोन डोंगरावरच्या तीर्थालाही आपण जाणार नाही. २०२१ साली तिथल्या लाग बाओमेरच्या सणातल्या चेंगराचेंगरीत ४५ माणसे गेली, आणि गर्दी नसली तरी तिथला चढ आहेच. मेरोन आपल्याला वरच्या कठड्यावरून समोर दिसेल, खाली कब्रस्तानातला आरींचा निळा चौथराही मी तुम्हाला तिथूनच दाखवीन. तिथे खुर्ची नेण्याचे मी बोलून ठेवले आहे. हवे तितका वेळ बसा.

आता ऐका. गुडघ्याचे आणि हृदयाचे जुने कागद एका पिशवीत घाला, गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या, आणि नवे बूट आत्ताच घेऊन महिनाभर घालून रुळवा. आई, पापड-लोणच्यांनी बॅग भरू नकोस. इथे तांदूळ आणि नारळाचे दूध दोन्ही मिळते. रोज सकाळी दोघांनी वीस मिनिटे सपाटीवर चालायचे, तलावपाळीला.

आणि बाबा, निघण्यापूर्वी तुम्ही खंडाळ्याला जाणारच आहात, तेव्हा तिथला एक खडा उचलून रुमालात बांधून आणा. तुम्ही वर बसा, मी तो खाली नेऊन आरींच्या कबरीवर ठेवीन, आणि तुम्हाला दिसेल असा हात वर करीन.

तुमची,
छकुली