क्षेत्रीय परिषदेचे इतिवृत्त विधिमंडळासमोर ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पश्चिम क्षेत्रीय परिषदेची बैठक झाली की तिची बातमी ठरावीक साच्यातून निघते. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्षस्थानी, मुख्यमंत्री हजर, इतक्या विषयांवर चर्चा, बरेचसे मार्गी. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात झालेल्या २७व्या बैठकीबद्दलही असेच छापून आले. विषय १८. जमीन हस्तांतर, खाणी, महिला व बालकांवरील अत्याचारांचा तपास, ११२ क्रमांकाची आपत्कालीन सेवा, गावोगावी बँकेची सोय, रेल्वेचे प्रकल्प अशी नावे यादीत होती. पण कोणती जमीन, कोणाकडून कोणाकडे, किती वर्षे अडलेली आणि या बैठकीत तिचे नेमके काय ठरले, याचा पत्ता वाचकाला लागला नाही. यात वार्ताहरांचा दोष नाही. प्रसिद्धिपत्रकापलीकडचा कागद त्यांच्या हाती पडतच नाही.

मागणी एवढीच आहे की महाराष्ट्राने परिषदेकडे पाठवलेले विषय, बैठकीचे इतिवृत्त आणि त्यावरचा कार्यवाही अहवाल राज्य सरकारने विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम १७ प्रमाणे प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त केंद्राला आणि संबंधित राज्य सरकारांना पाठवावेच लागते. म्हणजे प्रत मंत्रालयात असते. परिषदांविषयीची कलमे १५ ते २२ अशी आहेत आणि त्यांत गोपनीयतेबद्दल एक शब्दही नाही.

परिषदेची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण पुष्कळ लोकप्रतिनिधींचाही तिथे गोंधळ होतो. भाषावार राज्ये झाल्यावर शेजाऱ्यांनी एकत्र बसावे म्हणून अशा पाच परिषदा निघाल्या. ईशान्येकडच्या परिषदेचा कायदा वेगळा, १९७१ चा. पश्चिमेच्या परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश आहे. अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री. प्रत्येक राज्याचे मुख्यमंत्री आणि राज्यपालांनी नेमलेले दोन मंत्री हे सदस्य. मुख्य सचिव आणि विकास आयुक्त किंवा राज्य सरकारने नेमलेला दुसरा एक अधिकारी हे सल्लागार. त्यांना बोलता येते, मत देता येत नाही. उपाध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आळीपाळीने एकेक वर्ष जाते, सचिवपद तसेच मुख्य सचिवांकडे फिरते.

हे फिरते नेतृत्व कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात उपाध्यक्षपदाचे वर्ष आणि बैठकीचे वर्ष यांचा मेळ बसेलच असे नाही, कारण बैठक कधी घ्यायची हे अध्यक्ष ठरवतात. २२ ऑगस्ट २०१९ ला पणजीत बैठक झाली, त्यानंतरची ११ जून २०२२ ला दीवमध्ये. मध्ये करोना होता हे मान्य. पण कायद्याच्या हिशेबाने तेवढ्या काळात ज्यांच्या वाट्याला उपाध्यक्षपद आले असेल, त्यांची पाळी बैठकीविनाच सरली. पुढे २८ ऑगस्ट २०२३ ला गांधीनगर आणि मग पुणे. यजमानपद फिरत राहिले हे चांगलेच, पण यजमान म्हणजे नेता नव्हे. कार्यसूचीची किल्ली दिल्लीतल्या आंतरराज्य परिषद सचिवालयाकडे असते आणि खरे काम तिथेच ठरते.

विषय परिषदेपर्यंत कसा पोचतो हे पाहिले की अडचण कुठे आहे ते कळते. राज्याचा एखादा विभाग टिपणी तयार करतो. मुख्य सचिवांच्या कार्यालयामार्फत ती दिल्लीला जाते. सचिवालय ती संबंधित केंद्रीय मंत्रालयाकडे आणि शेजारच्या राज्याकडे अभिप्रायासाठी धाडते. अभिप्राय आले की विषय मुख्य सचिवांच्या स्थायी समितीपुढे येतो. तिथे मिटला तर मिटला, न मिटलेला परिषदेपुढे जातो. परिषदेत बहुमताने ठरवायची तरतूद आहे आणि समान मते पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक ठरते. पण ठरते ती शेवटी शिफारसच. परिषद सल्लागार आहे, तिचा निर्णय कोणावर बंधनकारक नाही. नंतर इतिवृत्त, मग कार्यवाही अहवाल आणि पुन्हा स्थायी समिती.

या साखळीत विषय हमखास दोन ठिकाणी मरतो. पहिले ठिकाण टिपणीचे. ‘रेल्वे प्रकल्पांना गती द्यावी’ अशी टिपणी गेली की मंत्रालयाचा अभिप्राय ‘काम प्रगतिपथावर आहे’ असा येतो आणि विषय वगळला जातो. टिपणीत कोणता गट क्रमांक, किती हेक्टर, कोणत्या तारखेच्या पत्राला उत्तर नाही, पैसे कोणी भरायचे आणि परिषदेने नेमके कोणते वाक्य संमत करावे हे लिहिले असेल, तर तिला ‘प्रगतिपथा’चे उत्तर देता येत नाही. दुसरे ठिकाण कार्यवाही अहवालाचे. तिथे ‘विषय निकाली’ या शब्दांत दोन निराळ्या गोष्टी बसतात: मागणी मान्य होऊन काम झाले, किंवा राज्याने पाठपुरावा सोडला म्हणून विषय यादीतून काढला. निकाली विषयांचे आकडे मोठे दिसतात त्यात यातले किती कोणते, हे विषयवार अहवाल समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. आकड्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आता महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची बाब. आपले मोठे आंतरराज्य प्रश्न पाहा. सीमाभाग, अलमट्टी धरणाची उंची, म्हादईचे पाणी. तिन्हींत समोर कर्नाटक आहे आणि कर्नाटक पश्चिम परिषदेत नाही, दक्षिणेच्या परिषदेत आहे. १९५६ च्या मूळ कायद्यात तसे नव्हते. तेव्हा पश्चिम क्षेत्रात मुंबई आणि म्हैसूर (आजचे कर्नाटक) हीच दोन राज्ये होती. मुंबई राज्याने १९५७ मध्ये सीमाप्रश्नाचे निवेदन केंद्राकडे दिले तेही याच कायद्याच्या कलम २१ च्या आधाराने. या कलमात सीमावाद, भाषिक अल्पसंख्य आणि आंतरराज्य वाहतूक हे विषय नाव घेऊन लिहिलेले आहेत. पुढे म्हैसूर दक्षिणेच्या परिषदेत गेले आणि ज्याच्याशी बोलायचे तोच शेजारी दुसऱ्या खोलीत जाऊन बसला.

कायद्याने यावरही वाट ठेवली आहे. कलम २२ प्रमाणे दोन क्षेत्रांच्या हिताचा समान विषय असेल तर दोन्ही परिषदांची संयुक्त बैठक घेता येते आणि ती संबंधित सरकारांना शिफारस करू शकते. पाचही परिषदांचे अध्यक्ष एकच, केंद्रीय गृहमंत्री. तेव्हा अध्यक्षपद कोणाकडे यावरून घोडे अडण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने कलम २२ खाली कधी लेखी मागणी केली का, केली असल्यास कोणत्या विषयावर आणि उत्तर काय आले, हे सरकारने जाहीर करावे.

१४ डिसेंबर २०२२ रोजी गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र व कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायचे ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत असेही ठरले. तापलेले वातावरण त्याने निवळायला मदत झाली. पण ती क्षेत्रीय परिषदेची बैठक नव्हती. म्हणून इतिवृत्त राज्यांना पाठवण्याचे कलम १७ चे बंधन तिला लागत नाही आणि कार्यवाही अहवालाची साखळीही तिच्यामागे नाही. गावांचा दावा राज्याने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे, त्यावर परिषद काही ठरवू शकत नाही हे खरे. मात्र मराठी शाळांतले शिक्षक, मराठीतून मिळायचे उतारे आणि परिपत्रके हे भाषिक अल्पसंख्यांचे विषय आहेत. ते दाव्यावर अवलंबून नाहीत आणि कलम २१ त्यांना सरळ लागू होते.

अलमट्टीचे उदाहरण तर आणखी व्यावहारिक आहे. धरणाची पूर्ण जलपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वाद लवाद आणि न्यायालयाच्या कक्षेतला, तो तिथेच चालेल. फुगवट्याचा सांगलीच्या पुराशी किती संबंध, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. पण पुराच्या दिवसांतली माहितीची देवाणघेवाण हा काही दावा नव्हे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. वर कोयना, सीमेवर राजापूर बंधारा, पलीकडे हिप्परगी, त्याखाली अलमट्टी अशी ही कृष्णेच्या खोऱ्यातली एकच साखळी आणि तिच्यावर दोन राज्यांचे हात. या प्रत्येक ठिकाणची पातळी, आवक आणि विसर्ग किती तासांनी कळवायचा, कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने कोणाला कळवायचा, राजापूरचा विसर्ग किती झाला की अलमट्टीची दारे किती उघडायची आणि ठरल्याप्रमाणे झाले नाही तर चोवीस तासांत कोणाशी बोलायचे, हे सगळे एका पानात मावते. जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी जलसंपदा मंत्र्यांनी एकमेकांना फोन करून ते नव्याने ठरवण्यापेक्षा हे पान संयुक्त बैठकीत एकदाच संमत करून घ्यावे. मंत्री बदलले की फोनवरचा समजुतीचा मामला संपतो, इतिवृत्तातले वाक्य राहते.

म्हादईबाबतही तसेच. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. तीन राज्यांपैकी दोन पश्चिमेच्या परिषदेत, एक दक्षिणेच्या.

आंतरराज्य परिषद हा वरचा मंच आहेच की, असे कोणी म्हणेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६३ खाली १९९० मध्ये ती स्थापन झाली आणि वर्षातून किमान तीन बैठका घ्याव्यात असे तिच्या आदेशात लिहिले आहे. तिची दहावी बैठक २००६ मध्ये, अकरावी १६ जुलै २०१६ रोजी झाली. तिच्या भरवशावर अलमट्टीचे वेळापत्रक ठेवता येणार नाही. त्या मानाने क्षेत्रीय परिषदा भरतात तरी.

ज्यांना कागद हवे आहेत त्यांनी सरकारची वाट पाहू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ब) मध्ये सल्लागार परिषदा व समित्यांची यादी आणि त्यांची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात की नाही, हे आपणहून जाहीर करण्याची सक्ती आहे. अर्ज दोन ठिकाणी करावा: मंत्रालयात मुख्य सचिव कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे आणि केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘परिषदेची सर्व माहिती द्या’ असे लिहू नये. माहिती विपुल आहे म्हणून ती फेटाळणे किंवा येऊन पाहा म्हणणे मग सोपे जाते. बैठकीचा क्रमांक, तारीख आणि महाराष्ट्राने पाठवलेल्या विषयांच्या टिपण्या, इतिवृत्त, कार्यवाही अहवाल अशी तीन कागदांची नावे लिहावीत. उत्तर नाकारले तर ३० दिवसांत पहिले अपील. मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांची सबब पुढे आलीच, तर परिषद हे मंत्रिमंडळ नव्हे, तिच्यात तीन सरकारे आणि केंद्र आहे, हे अपिलात पहिल्याच ओळीत मांडावे.

सीमाभागाला लागून असलेल्या आणि कृष्णाकाठच्या आमदारांना मात्र अर्जाचीही गरज नाही. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तारांकित प्रश्न द्यावा: पुण्याच्या बैठकीतील १८ विषयांपैकी महाराष्ट्राने मांडलेले किती, त्यांपैकी कोणते कोणत्या तारखेला कोणत्या शब्दांत निकाली निघाले आणि कलम २२ खाली संयुक्त बैठकीची मागणी सरकार केव्हा पाठवणार.

कळावे,
आपला,
एक वाचक