मातीचा बैल कोणी करायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेंदराच्या आधी माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाच्या नर्सरीतून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, की मुलांनी ‘स्वतः केलेला’ मातीचा बैल शुक्रवारी आणावा, तो रंगवलेला असावा आणि त्यावर झूल असावी. गुरुवारी रात्री अकरा वाजता माझी सून कुंभाराकडून आणलेल्या साच्यातल्या बैलाच्या शिंगांना सोनेरी रंग लावत बसली होती आणि ज्याने तो करायचा, तो केव्हाच झोपला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या बैलांचे फोटो ग्रुपवर आले. सगळेच बैल सारखे देखणे होते.

सांगलीतील एका बालवाडीत मी सत्तावीस वर्षे शिकवले आहे, म्हणून हा प्रकार मला हसण्यावारी नेता येत नाही. त्याच आठवड्यात हा नातू कुंडीतली माती भिजवून अंगणात बसला होता. पहिल्या बैलाला त्याने शेवयांसारखे बारीक पाय लावले, तो बसला, दुसराही बसला, तिसऱ्या वेळी त्याने चार जाड गोळे करून त्यांवर पोट ठेवले आणि बैल उभा राहिला. पाय जाड हवेत, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

अशी माती मळण्यात, गोळा चेपण्यात, तांब्यातले पाणी फुलपात्रात ओतण्यात किंवा मटारच्या शेंगा सोलण्यात बोटांना आणि मनगटाला जे वळण लागते, त्यावरच पुढे पेन्सिल धरणे अवलंबून असते. मनगटातली आठही हाडे जन्मतः कूर्चेची, म्हणजे मऊ असतात, त्यांतले शेवटचे कठीण होऊ लागेपर्यंत मूल साधारण चौथी-पाचवीत पोहोचलेले असते. तरीही तीन वर्षांच्या मुलाकडून चाररेघी वहीत पानेच्या पाने गिरवून घेण्याची घाई आपण करतो आणि मुलांना प्रत्यक्ष कृती करू द्यावी असे कोणी सुचवले, की तिचाही गृहपाठ करून टाकतो. हा विचार आपल्याकडे काही परवा आलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गावात सहज मिळणाऱ्या खडे, शंखशिंपले, पाने, फुले अशा वस्तूंवरच त्यांचा भर होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ या वयासाठी खेळातून आणि कृतीतून शिकण्यावरच भर आहे.

शिक्षिकांची अडचण मी जाणते. तीस मुले, एक ताई आणि एक मदतनीस असताना पाणी सांडते, मातीचे हात भिंतीला लागतात आणि गणवेश मळला म्हणून दुपारी पालकांचा फोन येतो. माझ्या वर्गात एका मुलाने नाकात चिंचोका घातला होता. तो निघेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता आणि त्यानंतर इतक्या लहान मुलांच्या हाती मी बारीक वस्तू कधी दिल्या नाहीत. परंतु एका वेळी सहा-सात मुलांनाच परातीभोवती बसवले आणि बाकीच्यांना मदतनीस ताईंनी गाण्यांत गुंतवले, तर एवढ्याशा वर्गातही हे निभावते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. खर्च म्हणाल तर काळी माती, जुनी परात आणि पुसायला फडके. बाजारातल्या महागड्या ‘ॲक्टिव्हिटी किट’ची मला तरी कधी गरज भासली नाही.

म्हणून सांगली-मिरजेच्या नर्सरीचालकांना विनंती आहे, की अशा वस्तू घरून करून मागवू नयेत. जे करायचे ते वर्गात, मुलांच्या हातून व्हावे आणि ते जसे होईल तसेच मांडावे. पालकांनीही मळलेल्या गणवेशाची तक्रार घेऊन शाळेत जाऊ नये. नातवाचा तो तिसरा बैल वाळताना पोटावर तडकला आहे आणि त्याला एकच शिंग आहे. तो शाळेत न्यायचा का, असे त्याने शुक्रवारी सकाळी विचारले होते. तेव्हा सोनेरी शिंगांचा बैल पिशवीत भरून झाला होता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सांगली