कोल्ह्याला कोल्हा म्हणायला काय हरकत आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आल्प्समधल्या सरोवरांकाठी पोचलेल्या 'विदेशी शिकाऱ्या'वरचा, म्हणजे गोल्डन जॅकल या प्राण्यावरचा, कालच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय चांगला आहे आणि जागाही भरपूर दिली आहेत, त्याबद्दल आभार. मात्र लेखाच्या डोक्यावर चार रकाने रुंद जो फोटो छापलाय, तो त्या प्राण्याचा नाहीच. तांबडं अंग, पायांत काळे मोजे, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. हे युरोपातलं लाल खोकड आहे, म्हणजे इंग्रजीतला फॉक्स. ज्याच्यावर लेख आहे त्याच्या शेपटीचा शेंडा काळा असतो आणि पाय अंगासारखेच पिवळट.

फोटोचं एक वेळ सोडून देऊ. पण 'गोल्डन जॅकल नावाचा हा अपरिचित प्राणी'? अहो, हा आपला कोल्हा! काकडीला राजी होणारा, उसात शिरणारा, रात्री कोल्हेकुई करणारा. जात तीच. जिनिव्हा सरोवराच्या काठी गेल्यावर त्याला इंग्रजी नाव लावायचं आणि मराठी वाचकाशी त्याची नव्याने ओळख करून द्यायची, ही कुठली रीत?

मी एवढा का चिडलो, ते सांगतो. माझी मुलगी पाचवीत असताना चाचणीत 'जॅकल'चा मराठी अर्थ विचारला होता. तिने 'कोल्हा' लिहिलं. त्यावर लाल फुली. बाईंच्या मते फॉक्स म्हणजे कोल्हा आणि जॅकल म्हणजे लांडगा. मग वुल्फ कोण, तर तोही लांडगाच. मी शब्दकोश काखेत मारून शाळेत गेलो. बाईंनी तो उघडूनही पाहिला नाही. "वहीत दिलंय तेच लिहायचं," म्हणाल्या. अर्धा गुण गेला तो गेलाच, वर घरी येऊन मुलगी माझ्यावरच रुसली, की बाबा, तुमच्यामुळे चुकलं. या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. काल तुमचा फोटो पाहिला आणि वाटलं, त्या बाई आता तुमच्या पुरवणीत कामाला लागल्या की काय.

घोळ जुना आहे, हे मान्य. द्राक्षं आंबट म्हणणारं मूळचं खोकड, आणि पंचतंत्रातले करटक-दमनक हे अस्सल कोल्हे. आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारली. पण गोष्टीत खपतं ते बातमीत कसं खपवायचं? २०१६च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेनमध्ये एका शिकाऱ्याने खोकड समजून कोल्ह्यावरच गोळी झाडली होती. चूक कळल्यावर त्याने निदान स्वतःहून जाऊन ती कबूल केली.

आता लेखातल्या 'घुसखोरी' या शब्दाबद्दल. त्याला तिथे कोणी पिंजऱ्यातून नेऊन सोडलेलं नाही. आग्नेय युरोपातल्या बाल्कनमधून तो स्वतःच्या चार पायांनी चालत आलाय. बल्गेरियात विषाची आमिषं घालून त्याला जवळजवळ संपवला होता. १९६२मध्ये संरक्षण मिळालं, तेव्हा कुठे तो सावरला. शिवाय त्याला दाबून ठेवणारा लांडगा माणसानेच जागोजागी मारून टाकला होता. मोकळं रान मिळाल्यावर तो पसरणारच. ऑस्ट्रियात नॉयझिडल सरोवराकाठी २००७मध्ये त्याची पिल्लं असल्याची खात्री झाली. २०११च्या अखेरीस तो स्वित्झर्लंडमधल्या कॅमेऱ्यात आला, २०१७मध्ये जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेला फ्रान्सच्या डोंगरात. २०२०मध्ये तर नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे! तुमच्या लेखकाने सगळं खापर तापमानवाढीवर फोडलंय. बर्फ कमी झाल्याचा त्याला फायदा होतो, खोटं नाही. पण मग लांडग्याचा उल्लेख एका ओळीतही नको? आता आल्प्समध्ये लांडगा परततोय, म्हणजे पुढची खरी गंमत तिथेच आहे.

'मेंढपाळांची झोप उडाली' हे वाचून हसूच आलं. दहा-बारा किलोचं जनावर. उंदीर, मेलेली ढोरं, खाटिकखान्याची घाण, पडलेली फळं, यावर त्याचं पोट. एखादं कोकरू उचलत असेलही, पण त्यासाठी 'क्रूरकर्मा'?

एक गोष्ट मात्र लेखात हवी होती. तिथले अभ्यासक रात्री भोंग्यावर कोल्हेकुईचं रेकॉर्डिंग लावतात आणि गप्प उभे राहतात. रानात कोल्हे असतील तर त्यांना राहवत नाही, ते उत्तर देतात आणि मोजले जातात. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला कोल्हाही असाच ओरडला आणि उघडा पडला होता. ही मोजणी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागली नसती. पण तुम्ही कोल्हेकुई हा शब्दच वापरला नाहीत. 'हाऊलिंग' छापलंत.

जाता जाता, शब्दकोड्याचे चौकोन गेल्या महिन्यापासून इतके बारीक केलेत की पेन्सिल टोकदार करून बसावं लागतं. जाहिरात थोडी आखडली तर चालणार नाही का?

असो. फोटोबद्दल दुरुस्ती छापणार असाल तर ती आतल्या पानात तळाशी दोन ओळींत नको. फोटोसकट छापा. आणि छापण्याआधी कोणाला तरी शेपटीचा शेंडा तपासायला सांगा.

आपला,
पहिल्या पानापासून शब्दकोड्यापर्यंत वाचणारा एक वाचक